वाफसा आधी, बुडबुडे नंतर
(सोलापूर येथे डाळिंब बागायतदारांपुढे केलेले भाषण)



ठिबकच्या पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडणारे यंत्र, ज्याला आपण 'नॅनो बबल' म्हणतो, ते बागेत बसवावे काय, असे अलीकडे बरेच जण विचारतात. यंत्र स्वस्त नाही. म्हणून त्यामागचे शास्त्र आधी पाहू.

साधा बुडबुडा झटकन वर येतो आणि फुटतो. बुडबुडा दहापट लहान झाला की त्याचा वर चढण्याचा वेग शंभरपट कमी होतो. एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा बुडबुडा तासाला जेमतेम २ मिलिमीटर सरकतो. त्याहून लहान तो अतिसूक्ष्म. तो डोळ्यांना दिसत नाही, पाण्यात टिकून राहतो आणि त्याच्यावर ऋण विद्युतभार असल्याने एकमेकांत सहसा मिसळत नाही.

कारखानदारीत बारीक बुडबुड्यांचा उपयोग धुण्यासाठी आणि सांडपाणी शुद्ध करण्यासाठी होतो. थोडे मोठे बुडबुडे सांडपाण्यातील तेलकट गाळ चिकटवून वर आणतात. हवेऐवजी ओझोन वायू वापरला तर रंगाचे रेणू तुटतात. आपल्या चादर-टॉवेलच्या रंगकामातील पाण्याला हे लागू पडण्यासारखे आहे. मात्र रंग गेला तरी पाण्यातील क्षार तसेच राहतात. असे पाणी नितळ दिसले म्हणून शेतात सोडू नये.

आता बागेकडे वळू. मुळांना श्वासासाठी ऑक्सिजन लागतो. ३० अंश तापमानाला हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो, म्हणजे छत्तीस पट! शिवाय ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. म्हणून चोपण, चिबड जमिनीत झाड पाण्यात उभे असूनही गुदमरते.

यंत्राला शुद्ध ऑक्सिजन जोडला आणि लिटरमागे ३० मिलिग्रॅम जादा विरघळला, असे धरू. हजार लिटर पाण्यातून ३० ग्रॅम मिळाले. एवढा ऑक्सिजन ११० लिटर हवेत असतो. एक घनमीटर माती वाफशावर असेल आणि तिच्यात पंधरा टक्के जागा हवेची धरली, तर तिथेच १५० लिटर हवा आहे, आणि ती वरून फुकट बदलत राहते. जादा पाणी देऊन ही हवा हाकलायची आणि मग यंत्राने ऑक्सिजन विकत घ्यायचा, हा व्यवहार मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत. 'एका मिलिलिटरमध्ये दहा कोटी बुडबुडे' हा आकडा मोठा वाटतो. पण शंभर नॅनोमीटरचे एवढे बुडबुडे धरले, तर लिटरभर पाण्यातील त्या सर्वांचे आकारमान पाण्याच्या एका थेंबाच्या हजाराव्या भागाएवढे भरते. मुळांना जो ऑक्सिजन मिळतो तो विरघळलेला. तेव्हा विक्रेत्याला बुडबुड्यांची संख्या विचारू नका. विरघळलेला ऑक्सिजन मीटर लावून दाखवा म्हणा, आणि तोही यंत्राजवळ नव्हे, शेवटच्या लॅटरलच्या शेवटच्या तोटीखाली.

मग उपयोग कुठे? खोल बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन बऱ्याचदा कमी असतो. पण ते पाणी शेततळ्यात उंचावरून धारेने पाडले तरी बरीच भर पडते. पंप तर चालूच असतो. ठिबकच्या तोट्यांतील चिकट थर अशा बुडबुड्यांनी कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. शेवाळलेले पाणी वापरणाऱ्यांना, विशेषतः उजनीच्या पाण्यावर बागा असणाऱ्यांना, हा फायदा लक्षात घेण्याजोगा आहे. तेल्या मात्र याने जाईल, ही आशा धरू नये. तो जिवाणूजन्य रोग पावसाच्या थेंबांबरोबर पानांवर, फळांवर पसरतो. मुळाशी सोडलेले पाणी तिथे पोचत नाही.

भारी जमिनीत लागवड गादीवाफ्यावर करावी. पाणी देण्यापूर्वी खोडापासून दोन फुटांवर फूटभर खोल माती काढून मुठीत दाबावी. चिखलासारखी बोटांना चिकटली तर त्या दिवशी ठिबक बंद ठेवावे. एवढे करूनही यंत्र घेऊन पाहायचे असेल, तर एका बहरापुरते भाड्याने मागा. बागेच्या निम्म्याच ओळींना ते जोडा, बाकीच्यांना नेहमीचे पाणी तेवढेच द्या, आणि तोडणीला दोन्हीकडची फळे वेगळी वजन करा.