नेव्हीची वाट कॅम्पातून जाते



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी ४०,००० रुपयांचं कर्ज मागितलं. कशासाठी, तर म्हणाल्या, "मुलाला नेव्हीत लावायचंय. एक माणूस भेटलाय, पैसे दिले की काम होतं म्हणतो." या ताईंचा एकही हप्ता आजवर चुकलेला नाही. नाही कसं म्हणायचं, म्हणून आम्ही सगळ्या गप्प बसलो.

गटातल्याच दुसऱ्या ताईंची लेक चहा घेऊन आली होती. ती रत्नागिरीला कॉलेजात आहे, एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये. ती म्हणाली, "काकू, नेव्हीचा फॉर्म ऑनलाइन असतो. परीक्षेची फी तिथेच भरायची. वर कुणी पैसे मागितले तर तो फसवतोय." मग तिला बसवून घेतलं आणि सगळं विचारलं.

एनसीसी म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना. ती १९४८ साली सुरू झाली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला आणि १९५२ मध्ये नौदलाचा. शाळेत दोन वर्षं, कॉलेजात तीन वर्षं. परीक्षा देऊन ए, बी आणि सी अशी प्रमाणपत्रं मिळतात. सगळ्याच शाळा-कॉलेजांत एनसीसी नसते, म्हणून प्रवेश घेतानाच विचारायचं.

नेव्हल विंगमध्ये परेड तर असतेच. शिवाय वल्ह्यांची बोट सगळ्यांनी एका तालात ओढायची, शिडाची बोट चालवायची, दोन झेंडे हातात धरून दूरच्या माणसाला निरोप द्यायचा, जहाजाची हुबेहूब प्रतिकृती बनवायची. दोराच्या गाठीही शिकवतात. त्या मुलीने 'बोलाइन' नावाची गाठ मारून दाखवली. या गाठीचा फास घट्ट होत नाही आणि सुटतही नाही. दारात बसलेले तिचे आजोबा हसले. होडी बांधताना ते आयुष्यभर तीच गाठ मारत आले आहेत!

पण एक नीट लक्षात घ्या. एनसीसी केली म्हणजे नोकरी लागली असं नाही, आणि फौजेत जायची सक्तीही नाही. भरतीची लेखी परीक्षा, धावणं, डॉक्टरी तपासणी सगळ्यांना असतेच. फायदा असा, की पहाटे उठायची, हुकूम ऐकायची, पाण्याला न भिण्याची सवय आधीच झालेली असते. पदवीनंतर अधिकारी व्हायचं असेल तर सी प्रमाणपत्रवाल्यांसाठी वेगळी वाटही आहे.

अग्निवीर योजनेत नोकरी चार वर्षांची असते. पुढे जास्तीत जास्त चारातल्या एकाला कायम करतात. हे घरात आधी बोलून ठेवा. आता मुलीही नौसैनिक होतात. मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या आयएनएस चिल्काहून अग्निवीरांची पहिली तुकडी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली, तिच्यात मुलीही होत्या.

या मुलीचा पहिला कॅम्प मात्र हुकायचाच होता. दहा दिवस बाहेर राहायचं म्हणून घरचे फॉर्मवर सही करेनात. तेव्हा आम्ही चौघीजणी तिच्या घरी गेलो. मुलींची राहायची सोय वेगळी असते, सोबत बाई अधिकारी असतात, हे कॉलेजात विचारून आलो होतो, ते सांगितलं. शेवटी सही आईने केली.

त्या ताईंनी कर्जाचा अर्ज मागे घेतला. त्यांचा मुलगा आता पहाटे किनाऱ्यावर धावतो आणि संध्याकाळी याच मुलीकडून गणितं समजून घेतो. त्याची निवड होईल की नाही, आम्ही सांगू शकत नाही. पण गटाचे ४०,००० शाबूत आहेत आणि ताईंच्या डोक्यावर कर्ज नाही.

तुमच्या गटात असा अर्ज आला, तर आधी गावातला एनसीसीचा एखादा मुलगा किंवा मुलगी बैठकीला बोलवा. आणि कॅम्पाचा फॉर्म घरी आला, तर तो फळीवर ठेवून देऊ नका.