साठीनंतरचा कायदा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, बँकेतले काहीतरी सांगा. व्याजदर तुम्ही मोबाईलवर बघताच, म्हणून मी कायद्याबद्दल बोलतो. मी वकील नाही, साधा बी.कॉम. आहे. पण नोकरीत खोट्या सह्यांचे चेक आणि पोलिसांचे पंचनामे पुष्कळ पाहिले.

१ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. 'चारसोबीस' आता कलम ३१८ मध्ये गेला. बोलण्यात तो चारसोबीसच राहणार म्हणा! आपल्या जास्त कामाची आहे ती दुसरी, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता.

मागे बी विंगखालून स्कूटर चोरीला गेली, तेव्हा तक्रार द्यायला पाच दिवस लागले. कोणी म्हणाले, हेलपाटे पडतील. कोणी म्हणाले, सोसायटीचे नाव जाईल, फ्लॅटचे भाव उतरतील. मला हे अजिबात पटले नाही. एफआयआर नसेल तर विमा मिळत नाही, आणि त्याच स्कूटरवरून उद्या कोणी साखळी ओढली तर पोलीस आधी मालकाच्या दारात येणार.

आता गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. तक्रार ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. आणि साक्षीसाठी साठीच्या वरचा पुरुष किंवा कोणत्याही वयाची स्त्री यांना ठाण्यात या अशी सक्ती करता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा. पुरुषांसाठी ही मर्यादा पूर्वी पासष्ट होती. म्हणजे आपला अर्धा कट्टा यात बसतो! आपण होऊन जायचे असेल तर जाता येतेच.

आता त्या व्हिडिओ कॉलबद्दल. ए विंगमधल्या एका वहिनींना 'तुमच्या आधारवर ड्रग्जचे पार्सल आले, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात' असे सांगून तीन तास मोबाईलसमोर बसवून ठेवले. नात क्लासहून आली म्हणून एफडी वाचली. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. खऱ्या अटकेत अधिकाऱ्याच्या छातीवर नाव दिसले पाहिजे, अटकेचा कागद तिथेच झाला पाहिजे, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही लागते. कायदा साक्षीदार मागतो, आणि हे भामटे म्हणतात, कोणाला सांगू नका! शिवाय तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीवरील माणसाला अटक करायची तर उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते.

तरीही पैसे गेलेच तर मुलाच्या फोनची वाट बघू नका, १९३० लावा. चोरीचा पैसा एका खात्यात थांबत नाही, पुढे पुढे सरकतो. लवकर कळवले तर वाटेतल्या एखाद्या खात्यात तो गोठवता येतो. रात्री उशिरा कळवले तर सकाळपर्यंत तो काढूनही झालेला असतो.

१९३० आणि ११२ हे दोन नंबर लिफ्टजवळ लावायचे सेक्रेटरींनी कबूल केले आहे. अक्षर मोठे काढा हो, घाईत चष्मा सापडत नाही.