रात्री आठची प्रार्थना

 

कॅथलिक घरातल्या श्रद्धेच्या वातावरणावर बोला, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी धर्मगुरू नाही, धर्मशिक्षक नाही. पायदळात एकतीस वर्षं काढून २०१५ साली कर्नल म्हणून निवृत्त झालेला वसईचा माणूस. पण पत्नी म्हणाली, "तुम्ही जिथे चुकलात तेवढंच सांगा. पुष्कळांच्या उपयोगी पडेल." तेव्हा आज तेच सांगणार आहे.

माझं बालपण वसईतल्या एका वाडीत गेलं. पुढे घर, मागे केळी आणि पानवेली. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की पाणी लावणारा माणूससुद्धा हातातलं फावडं ठेवून उभा राहायचा. जेवणाआधी सगळं घर वेदीसमोर बसायचं. वेदी म्हणजे काय, भिंतीतला एक कोनाडा, त्यात पवित्र मातेची तसबीर, क्रूस आणि एक दिवा. आजी माळ म्हणायची. पाच रहस्यं, प्रत्येकात दहा नमो मरिया, म्हणजे पन्नास. विसाव्याला माझी मान पडायची. आजी मला कधी रागावली नाही. एका हाताने माळ पुढे सरकवायची आणि दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवायची. प्रार्थना झाली की धाकट्यापासून सुरुवात करून सगळे थोरांचे आशीर्वाद घ्यायचे. मगच ताटं मांडली जात.

१९८४ साली मी पलटणीत गेलो. माझे जवान जवळजवळ सगळे हिंदू होते. ज्यांनी सैन्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्याकडे अधिकारी हा आपल्या जवानांच्या धर्मस्थळात त्यांच्याबरोबर बसतो. त्याला आम्ही मंदिर परेड म्हणतो. मी कॅथलिक, पण रविवारी बूट काढून जवानांच्या मांडीला मांडी लावून सतरंजीवर बसायचो, आरती घ्यायचो. माझी श्रद्धा त्यामुळे पातळ झाली नाही. देवासमोर हुद्दा बाहेर काढून ठेवायचा असतो, हे मी तिथे शिकलो. शिकलो खरा, पण घरी आल्यावर विसरलो.

१९८९ साली लग्न झालं. ९१ मध्ये मुलगी, ९३ मध्ये मुलगा. त्यानंतरची बरीच वर्षं मी फील्ड एरियात आणि ही दोन मुलांना घेऊन वेगवेगळ्या छावण्यांमध्ये. पत्र यायला आठवडा लागायचा. तिने एकदा लिहिलं, "आम्ही रात्री आठ वाजता एक रहस्य म्हणतो. जमलं तर तुम्हीही त्याच वेळी म्हणा." एकच रहस्य. दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मी चौकीवर आठ वाजता खिशात हात घालून मणी मोजायचो. कधी जमायचं, कधी नाही. पण आपलं घर या क्षणी एकत्र बसलंय, एवढं कळत असे. त्या आधारावर मी बऱ्याच रात्री काढल्या.

झाशीला होतो तेव्हा मुलांची शाळा इंग्रजीत, मिस्सा हिंदीत, शेजारी कुणी मल्याळी, कुणी तमिळ. आज मला ऐकणाऱ्यांपैकी अनेकांची हीच स्थिती असेल. हैदराबाद, इंदूर, बंगळुरूच्या मराठी कॅथलिक घरांत मुलं कुठल्या भाषेत प्रार्थना करणार? माझ्या पत्नीचा निर्णय साधा होता. चर्चमध्ये चर्चची भाषा, घरात आजीची भाषा. सुट्टीत वसईला गेल्यावर नातवंडांना आजीबरोबर माळ म्हणता आली पाहिजे. मुलांना ती आली. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल आमच्या घरी आलं. त्यातली मराठी रोजच्या बोलण्यातली आहे, त्यामुळे मुलंही ते हातात घेऊ लागली. ज्यांची मुलं मराठी वाचू शकत नाहीत त्यांनी स्वतः मोठ्याने वाचावं. ऐकलेलं राहतं.

आता माझी चूक.

२०१५ मध्ये मी घरी परतलो. वय चौपन्न. आयुष्यभर लोकांना वेळेवर उभं करायची सवय. मला वाटलं, आता घराला वळण लावू. एक रहस्य पुरे नाही, पूर्ण माळ. बरोबर आठ. मोबाइल दुसऱ्या खोलीत. कोण उशिरा आलं, कोणी जांभई दिली, माझं सगळीकडे लक्ष. मुलगा बावीस वर्षांचा, नुकता नोकरीला लागलेला, लोकलमधून उभ्याने प्रवास करून घरी यायचा. एका संध्याकाळी तो आठ वीसला आला. मी प्रार्थना थांबवली आणि सगळ्यांसमोर त्याला झापलं. तो शांतपणे म्हणाला, "पप्पा, तुम्ही देवाशी बोलत नाही. तुम्ही आमची हजेरी घेता." आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो प्रार्थनेला बसेना. पुढे रविवारची मिस्साही सुटली. घरात आम्ही दोघं एकमेकांना टाळू लागलो. मी अहंकाराने म्हणत राहिलो, आजकालच्या मुलांना श्रद्धाच नाही. सहा-सात महिने गेले. पत्नीने एकदाच तोंड उघडलं. म्हणाली, "तुम्ही नव्हतात तेव्हा हीच मुलं वीस वर्षं रोज बसत होती. मी कुणालाही बोलावलं नाही. मी बसायचे, ती येऊन बसायची."

हे वाक्य मला लागलं. प्रायश्चित्तकाळ चालू होता. मी धर्मगुरूंकडे पापनिवेदनाला गेलो आणि मुलाची तक्रार करू लागलो. त्यांनी मला मध्येच विचारलं, "ही पापं तुमची की त्याची?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या दिवसांत मी संत योसेफाविषयी पुन्हा वाचलं. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. त्याला स्वप्नात सांगितलं जातं आणि तो उठून कामाला लागतो. मरियेला घरी आणतो, बाळाला घेऊन इजिप्तला जातो, परत येतो. मी सैनिक आहे. हुकूम देणं आणि हुकूम पाळणं यातला फरक मला कळतो. पवित्र कुटुंबाचा प्रमुख हुकूम पाळणारा होता. आणि लूकच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग, बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहतो आणि आईवडील तीन दिवस त्याला शोधतात. जपमाळेच्या आनंदाच्या रहस्यांत तो पाचवा. हजारदा म्हटला असेल. पण मूल हरवलं तर मागे फिरून त्याला शोधायचं असतं, हे मी स्वतःला कधी लावून पाहिलं नव्हतं.

पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी झाला. घरी आलो. मुलगा एकटाच जेवत होता. मी समोर बसलो आणि म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो." पत्नी आणि मुलगी तिथे होत्या. तो "ठीक आहे, पप्पा," म्हणाला आणि जेवत राहिला. चमत्कार झाला नाही. दुसऱ्या दिवशी तो प्रार्थनेला आला नाही. पण माझ्याशी बोलला.

१९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं. श्रद्धेची पहिली ओळख मुलांना आईवडिलांच्या शब्दांतून आणि वागण्यातून व्हावी, असं तिथे सांगितलं आहे. मी त्यातले शब्द घेतले होते, वागणं विसरलो होतो. पोप फ्रान्सिस कुटुंबांना तीन साध्या गोष्टी वारंवार सांगायचे: घरात परवानगी विचारा, आभार माना, माफी मागा. तिन्ही गोष्टी सैन्यात वरचा माणूस खालच्याला क्वचितच म्हणतो. घरात बापाने आधी म्हणायच्या असतात.

आमच्या घरी आता काय चालतं ते सांगतो. रात्री आठला मी आणि पत्नी बसतो. एकच रहस्य. कुणाला हाक मारत नाही. पाहुणे असले, कुठल्याही धर्माचे असले, तर त्यांना सांगतो, दहा मिनिटं बसतो, तुम्ही चहा घ्या. काही जण बाजूला येऊन बसतात. रविवारचं शुभवर्तमान शनिवारी रात्री मोठ्याने वाचतो आणि प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं, त्यावर उपदेश नाही. प्रायश्चित्तकाळात मांसाहार सोडतो, पण त्यातून वाचलेले पैसे वेगळे ठेवून कुणाच्या तरी औषधाला देतो. नाहीतर उपवासाची नुसती काटकसर होते. आणि कुणाशी भांडण झालं असेल तर त्या रात्री माळेआधी ते मिटवायचं. हा नियम मला सगळ्यात जड जातो.

मुलगी लग्न होऊन गोव्याला आहे. तिच्या घरी कोंकणीत माळ होते. मुलगा हैदराबादला असतो. दर रविवारी आठ वाजता त्याचा फोन येतो, आम्ही तिघं एक रहस्य म्हणतो. कधी येतो, कधी नाही येत. तो मिस्साला जातो का, हे मी विचारत नाही. विचारायचा मोह फार होतो, पण नाही विचारत. गेल्या महिन्यात त्याने आपणहून विचारलं, "पप्पा, आजीची माळ कुठे आहे?" मी म्हटलं, "वेदीवर आहे. आलास की घेऊन जा."

ती अजून तिथेच आहे. तो येईल तेव्हा नेईल.

मित्रहो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरात प्रार्थना बंद पडली आहे, त्यांना एवढंच सांगतो. आज रात्री कुणाला बोलावू नका, कुणाला समजावू नका. दिवा लावा आणि स्वतः बसा. आणि बसण्याआधी घरात कुणाची माफी मागायची राहिली असेल, तर ती मागून या.

देव तुमच्या घराला आशीर्वाद देवो. जय येशू, जय हिंद.