खोली विकताना



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा कामगार चळवळीचे भवितव्य किंवा नवे कामगार कायदे असा काहीतरी भारदस्त विषय येईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही 'खोली विकताना' असे कळवले. त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. विषय तोच आहे. गेले सहा महिने आमच्या डोक्यात दुसरे काही नाही. परळची आमची खोली आम्ही विकतो आहोत आणि पावसाळ्याच्या आत बिऱ्हाड बदलापूरला न्यायचे आहे. आज येथे डोंबिवलीकर श्रोते बसले आहेत, त्यांत गिरगावची, दादरची, लालबागची खोली विकून इकडे आलेली घरे थोडीथोडकी नसतील. तेव्हा हा विषय तुम्हांस परका वाटू नये.

आमचे शिक्षण सातवीचे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला, तेव्हा आम्ही सातवीत होतो, आणि आठवीचा वर्ग काही पाहिला नाही. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत झाले. म्हणून कायद्याविषयी बोलताना भाषा वकिली येणार नाही. वकील मंडळींनी सांभाळून घ्यावे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की जी खोली आम्ही विकतो आहोत, तिचे मालक आम्ही नाही. चाळ मालकाची, जमीन मालकाची. आमची आहे ती भाडेपावती. पागडीची पद्धत ज्यांना ठाऊक नाही अशा तरुण श्रोत्यांसाठी थोडे सविस्तर सांगतो. मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा 1947 चा. त्याने 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते तेच प्रमाण धरले. भाडे गोठले, भाडेकरूला सहजासहजी काढता येईना, आणि मालकाला चाळीत रस राहिला नाही. मग मालकाने नव्या भाडेकरूकडून खोली देताना रोख रक्कम घ्यायला सुरुवात केली. तीच पागडी. कायद्याने ती गुन्हा होती, आणि गिरणगावात ती न देता खोली मिळालेला माणूस आम्ही तरी पाहिला नाही. भाडेकरू खोली सोडून जाताना नव्या माणसाकडून पैसे घेई, त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला देई, आणि मालक नव्या नावाची पावती फाडी. अर्धशतक हा व्यवहार असाच अंधारात चालला. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला, त्याने पागडीला कायदेशीर मान्यता दिली. आता करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. पैसा उजेडात आला. पण त्या पैशात हिस्सा कोणाकोणाचा, हा प्रश्न होता तेथेच आहे, आणि आजचे आमचे बोलणे मुख्यत्वे त्याविषयी आहे.

आमचे वडील पाटण तालुक्यातून मुंबईला आले ते गावकीच्या गाळ्यात उतरले. एका गाळ्यात गावचे वीस-पंचवीस गडी; पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या जागी रात्रपाळीचा झोपणार. लग्न झाल्यावर त्यांनी आमच्या आजीचे डाग मोडून आणि पतपेढीचे कर्ज काढून ही खोली घेतली. दहा बाय बारा, एक मोरी, बाहेर सामाईक गॅलरी. तिसरा मजला. वडिलांच्या मागोमाग धाकटे चुलते आले, त्यांना आम्ही तात्या म्हणतो. तात्यांनी लग्न केले नाही. गेली 45 वर्षे त्यांची वळकटी गॅलरीत आहे.

चाळीच्या आयुष्याचे गोडवे गाणारे लेख आम्ही पुष्कळ वाचले. ते लिहिणाऱ्यांच्या घरात संडास असतो, एवढेच आमचे निरीक्षण आहे. आमच्या मजल्यावर बारा बिऱ्हाडांत चार संडास, गॅलरीच्या टोकाला. आमच्या आईचे वय आज 78. गुडघे गेले आहेत. रात्री तिला धरून तेथपर्यंत न्यायचे, आणि दिवसा ती तीन जिने उतरू शकत नाही म्हणून दोन वर्षांत ती रस्त्यावर आलेली नाही. पुनर्विकासाची वाट का पाहत नाही, असे मित्र विचारतात. जुन्या उपकरप्राप्त चाळीच्या जागी नवी इमारत झाली तर भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांचे घर मिळते, हे आम्हांस ठाऊक आहे. पण आमच्या मालकाच्या वारसांचे आपसांतले दावे चालू आहेत. ते मिटणार, मग विकासक येणार, मग संक्रमण शिबिर, मग इमारत. तिशीतल्या माणसाने वाट पाहावी. 78 वर्षांच्या बाईला वाट पाहायला सांगणे आम्हांस बरे वाटले नाही.

विकायचे ठरल्याबरोबर दलाल आला. त्याची पद्धत पाहून आम्हांस गिरणीच्या गेटाची आठवण झाली. संपाच्या दुसऱ्या वर्षी अडीच लाख कामगारांच्या घरांत चूल पेटेना, तेव्हा असेच लोक एकेका खोलीच्या दारात येत. "शेजाऱ्याला सांगू नका, तुम्हाला म्हणून हा भाव." शेजाऱ्यालाही तेच सांगितलेले असे. त्या काळात आमच्या चाळीतून ज्या खोल्या गेल्या त्या मातीमोलाने गेल्या, कारण प्रत्येकाने एकट्याने आणि गुपचूप विकली. यावेळचा दलाल आमच्याशी एक बोलला आणि नालासोपाऱ्याला जाऊन आमच्या धाकट्या बंधूंशी दुसरेच बोलला. "दादा आकडा लपवतोय," एवढे बी टाकून आला. भावाभावांत फूट पडली की भाव पडतो, हे त्याला पक्के ठाऊक. कामगाराला मालकाने एकेकट्याला केबिनमध्ये बोलावले तर काय होते, हे आम्ही तीस वर्षे पाहतो आहोत. म्हणून आम्ही घरातल्या सर्वांची सभा बोलावली. रीतसर, वही घालून, इतिवृत्त लिहून. आमच्या पत्नी हसल्या, पण वही त्यांनीच आणून दिली.

सभेला आई, तात्या, आम्ही उभयता, धाकटे बंधू, आणि कळव्याहून आमची थोरली बहीण, आक्का. आक्काला बोलावल्याचे पाहून बंधू म्हणाले, "दादा, आक्काचं लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली. तिला कशाला त्रास?" ही आपल्याकडची सभ्य भाषा आहे. बहिणीला हिस्सा नको, असे कोणी म्हणत नाही. तिला त्रास नको, असे म्हणतात.

आम्ही कायद्याचे पुस्तक बरोबर ठेवले होते. वडील 2009 साली वारले, पावतीवर अजून त्यांचेच नाव आहे. भाडे कायदा म्हणतो की भाडेकरू वारला, तर मृत्यूच्या वेळी जो कुटुंबीय त्याच्याबरोबर राहत होता तो भाडेकरू. तसा कोणी नसेल तर वारस. एकमत झाले नाही तर कोर्ट ठरवील. 2009 साली खोलीत कोण होते? आई, आमचे बिऱ्हाड आणि तात्या. आक्का कळव्याला. आणि बंधू? ते 2004 सालीच नालासोपाऱ्याला गेले होते. ज्या कलमाने आक्का बाहेर पडते त्याच कलमाने तेही बाहेर पडतात. हे वाचून दाखवल्यावर खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. खाली पाण्याचा टँकर आला होता, त्याचाच काय तो आवाज.

तुमच्यापैकी ज्यांचे वाडे, वडिलोपार्जित घरे असतील त्यांनी येथे एक फरक ध्यानात घ्यावा. मालकीच्या वडिलोपार्जित घरात मुलीचा हक्क आता मुलाइतकाच आहे. हिंदू वारसा कायद्यात पूर्वी 23 वे कलम होते: पुरुष वारस आपले हिस्से वेगळे करायला तयार होईपर्यंत मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने ते कलम गेले आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्माने हिस्सेदार झाली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला. एवढे होऊनही विक्रीच्या आधी बहिणीला रजिस्ट्रार कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत चालूच आहे. साडीचोळी करतात, जेवायला घालतात आणि सही घेतात. पागडीच्या खोलीत तर हक्कसोडाचीही गरज पडत नाही. कायद्यानेच तिला उंबऱ्याबाहेर ठेवले आहे.

पण त्या खोलीची पागडी टिकली कशावर, याचा हिशेब कायद्याच्या पुस्तकात नाही. संपात वडिलांचा पगार गेला तो कायमचा. गिरणीने त्यांना परत घेतले नाही. आक्का तेव्हा पंधरा वर्षांची. रेडिमेड कपड्यांना काज-बटण करण्याचे काम ती घरी आणू लागली. नगाला पैशांत मजुरी. शाळा तिचीही सुटली. आमच्या सुटलेल्या शाळेचे आम्ही सभांतून भांडवल करतो, तिच्या सुटलेल्या शाळेचे नावही कोणी काढत नाही. दीड वर्ष भाडे आणि रेशन तिच्या मजुरीतून गेले. शेजारच्या तीन खोल्या त्या दीड वर्षात विकल्या गेल्या, आमची राहिली.

आक्का सभेत काय म्हणाली ते सांगतो. म्हणाली, "मला काही नको रे. तुम्ही दोघं नीट राहा, दिवाळीला बोलवा, म्हंजे झालं." बंधूंचा चेहरा खुलला. आमचा नाही, कारण हे वाक्य आमच्या ओळखीचे आहे. कंत्राटी सफाई कामगारांची पहिली सभा घेतली की बायका हेच म्हणतात: "साहेब देतील ते घेऊ, काम राहू दे." ज्याच्या हातात ताकद सर्वांत कमी असते तो 'काही नको' म्हणतो, कारण मागितले तर आहे तेही जाईल ही धास्ती असते. आक्काला धास्ती होती माहेर जाण्याची. तिच्या 'नको'ला संमती समजणे म्हणजे किमान वेतनाखाली राबणाऱ्याच्या अंगठ्याला करार समजणे होय. आम्ही असे काहीसे बोललो, पण काम झाले ते आईच्या बोलण्याने. ती कॉटवरून म्हणाली, "हिच्या काज-बटणावर जेवलात तवा कुणी नको म्हणालं नाही."

बंधूंची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. 1998 साली पोटमाळा घातला तो त्यांच्या पैशाने, आणि बिले त्यांनी जपून ठेवलेली. ती रक्कम प्रथम वेगळी काढायची, असे ठरले. मालकाचा हिस्सा आणि ही रक्कम वजा जाता उरेल त्याचे पाच समान भाग: आई, तात्या, आक्का, आम्ही, बंधू. बंधूंनी आम्हांस विचारले, "आईचा भाग शेवटी तुझ्याच घरात जाणार ना?" प्रश्न रास्त होता. बदलापूरचे घर आईचा भाग, आमचा भाग आणि कर्ज मिळून होणार आहे. तेव्हा त्यात आईचा भाग किती, हे खरेदीखतातच लिहायचे, आणि तिच्या पश्चात तो तिघा मुलांचा, असे मृत्युपत्र तिने करायचे ठरले. बंधूंनी आठ दिवस मागून घेतले. नवव्या दिवशी सही केली. वाटणीचा कागद आधी झाला, मालकाला द्यायची सर्वांची संमतीपत्रे मागून. रक्कम लिहिल्याशिवाय समझोत्यावर सही करायची नाही, हे युनियनचे पहिले पथ्य आहे. आकडा मात्र येथे सांगत नाही; बंधूंनी तशी ताकीद दिली आहे.

घर विकणाऱ्याने व्यवहाराच्या चार गोष्टी पाहाव्यात, त्या भरभर सांगतो. मालकाची लेखी संमती हाती आल्याशिवाय विसार घेऊ नये. पुरी रक्कम मिळाल्याशिवाय किल्ली देऊ नये. भाडेहक्क विकून आलेल्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर लागतो. ठराविक मुदतीत दुसरे राहते घर घेतले तर सवलत मिळते, पण हे जाणकाराकडून आधी समजून घ्यावे, नंतर नव्हे. आणि नव्या घराचे कागद जुन्या घराच्या कागदांइतकेच डोळ्यांत तेल घालून पाहावेत. हे डोंबिवलीत सांगायला नको. याच परिसरातल्या 65 बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. खोट्या परवानग्या दाखवून त्यांची महारेराकडे नोंदणी झाली होती. त्यांत घरे घेणारी माणसे आमच्यासारखीच, कुठली तरी खोली विकून, दागिने मोडून आलेली. आम्ही बदलापूरला भोगवटा प्रमाणपत्र पाहिले, मग नगरपालिकेत जाऊन त्याचा जावक क्रमांक पडताळला. बिल्डरच्या माणसाला राग आला. आला तर येवो.

सामानाची बांधाबांध सुरू आहे. तांब्याचा बंब आक्काने मागितला, तिला दिला. वडिलांचा गिरणीचा पास आणि संपातल्या मदतफेरीची पावतीपुस्तके आम्ही ठेवणार आहोत. बाकी भंगारात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. तात्यांचा भाग त्यांच्या नावे पोस्टात ठेवायचा ठरले, त्यावर ते मान हलवतात. पण बदलापूरला यायला तयार नाहीत. तेथे गॅलरी नाही म्हणतात. गावी जातो म्हणतात, तर गावचे घर 2019 च्या पावसात बसले आहे. चाळीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत राहू का, असे त्यांनी परस्पर कार्यकर्त्यांना विचारून ठेवले आहे, हे आम्हांस गेल्या रविवारी कळले. करार येत्या महिन्यात व्हायचा आहे. त्याआधी पुन्हा एक सभा घ्यावी लागणार, आणि तात्या म्हणतात, यावेळी वही नको.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले. प्रश्नोत्तरांना वेळ ठेवायचा आहे, म्हणून थांबतो.