मोगऱ्याचे वर्ष



डहाणू-तलासरी म्हटले की बाहेरच्या माणसाला चिकू आठवतो. पण चिकूची वाडी बहुधा किनाऱ्याजवळच्या सपाट, पाण्याच्या जमिनीत. डोंगरउतारावर ज्याचे चार-आठ गुंठे आहेत, त्याने काय करावे? त्याच्यासाठी आज मी मोगऱ्याविषयी बोलणार आहे.

आपले वर्ष कसे जाते ते बघा. जूनला पाऊस, मग भात, नागली, वरई. दिवाळीच्या सुमारास धान्य घरात आले की शेतातले काम संपते, आणि कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीची वाट धरतात. पोरेही बरोबर जातात. शिक्षकहो, हजेरीपटावरची ती रिकामी घरे तुम्ही दर वर्षी पाहता.

मोगऱ्याचे वर्ष नेमके याच्या उलट असते. भाताचे काम जोरात, तेव्हा मोगरा फारसे काही मागत नाही. भात संपले की त्याची छाटणी येते, आणि फेब्रुवारी-मार्चपासून पाऊस लागेपर्यंत रोज पहाटे तोडणी. म्हणजे ज्या महिन्यांत गावात काम नसते, नेमके त्याच महिन्यांत मोगरा काम देतो. त्याचे खरे मोल ते हेच.

आता लागवड. एप्रिल-मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद आणि खोल असे खड्डे काढून उन्हात तापू द्यावेत. दोन झाडांत पाच फूट अंतर ठेवले, तर एका गुंठ्यात चाळीसेक झाडे बसतात. खड्ड्यात कुजलेले शेणखत आणि चांगली माती भरून, पाऊस स्थिरावला की मुळ्या फुटलेली कलमे लावावीत. जागा उन्हाची हवी. सावलीत झाड पानांनी माजते, कळी धरत नाही. पाण्याचा निचराही हवा. उतारावरच्या मुरमाड जमिनीत तो आपोआप होतो. भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबते, मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी पडतात. पान पिवळे दिसले की लगेच खताकडे धावू नका. आधी बुंध्याशी पाणी साचते का, ते बघा.

आणि आता खरी मख्खी. मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटीवर. जुन्या फांद्या तशाच राखल्या, तर झाड हिरवेगार दिसेल, पण ओंजळ भरणार नाही. म्हणून पाऊस गेल्यावर काही आठवडे पाणी तोडावे. याला ताण देणे म्हणतात. झाड विसावते, पाने गळतात. घाबरू नये. मग डिसेंबर-जानेवारीत जमिनीपासून दीड-दोन फुटांवर छाटणी करावी, वाळक्या फांद्या काढाव्यात, आळे चाळून झाडाला दहा किलो शेणखत द्यावे आणि पाणी सुरू करावे. नीट सांभाळलेले झाड दहा-बारा वर्षे फुलते.

कळ्यांना भोक पडून त्या जांभळट होऊ लागल्या, तर आत अळी आहे असे समजा. अशा कळ्या वेचून नष्ट कराव्यात. फवारणी लागलीच, तर औषध आणि प्रमाण कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच ठरवावे.

तोडणी उजाडता-उजाडता करावी. कळी पूर्ण भरलेली, पांढरी, पण मिटलेली हवी, कारण ती संध्याकाळी उमलते. किलोभर वजनाला काही हजार कळ्या लागतात, तेव्हा हात भरपूर हवेत. माल ओलसर फडक्यात गुंडाळून करंडीत भरावा. 2013 साली लोकलगाड्या डहाणू रोडपर्यंत आल्या, तलासरीवरून तर महामार्गच जातो. दादरचा फूलबाजार त्यामुळे आवाक्यात आला आहे.

एक सावधगिरी सांगतो. लग्नसराईत भाव चढतो, एरवी कोसळतो. शिवाय उन्हाळ्यात पाणी नसेल तर मोगरा लावूच नये. विहिरीला किंवा ओहळाला मे महिन्यापर्यंत पाणी टिकते का, ते आधी पाहावे. पहिल्या वर्षी एकच गुंठा करावा. चार शेजाऱ्यांनी मिळून लावावा, म्हणजे करंड्या एकत्र पाठवता येतात आणि वाहतुकीचा खर्च वाटला जातो.

1991 साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला. तेव्हापासून इथे कारखान्यांवर बंधने आहेत. तेव्हा गावातले काम बऱ्याच अंशी मातीतूनच निघायला हवे.

शिक्षकहो, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. भट्टीवर गेलेल्या मुलामागे शाळा किती धावणार? त्याच्या आईबापांना गावातच काम मिळाले, तर मूल वर्गात राहील. शाळेच्या आवारात दहा झाडे लावा, छाटणी मुलांच्या पालकांना बोलावून त्यांच्यासमोर करा. तोडणी मात्र मोठ्यांनीच करावी. घंटा झाली की मुलाचे हात पाटी-पुस्तकावर असावेत.

या पावसाळ्यात एक गुंठा लावून बघा.