'बधाई दो' आणि बाळाची आई

मी रावेतहून बोलतेय. एरवी मी तुमच्याशी हप्ते, व्याज, बँकेची फाईल यावर बोलते. आज मात्र एका सिनेमाबद्दल बोलायचंय.

सिनेमा हिंदी आहे, 'बधाई दो'. 2022 साली आला. दिग्दर्शक हर्षवर्धन कुलकर्णी. यातला शार्दूल महिला पोलीस ठाण्यात नोकरीला, सुमी शाळेत पीटीची शिक्षिका. शार्दूलचं मन पुरुषात, सुमीचं बाईत. अशा माणसांना समलिंगी म्हणतात. दोघांच्याही घरी लग्नाचा धोशा. मग दोघं ठरवतात, एकमेकांशीच लग्न लावू आणि मित्रांसारखं राहू. पुढे सुमीची जोडीदार रिमझिम त्याच घरात येते. घरचे विचारतात, गोड बातमी कधी? लपवालपवी बघून हसू आवरत नाही. शेवटी सगळं उघड होतं, आणि घरात दत्तक बाळ येतं.

आमच्या गटात सिनेमा संपल्यावर एका मावशींनी विचारलं, "अगं, पण त्या बाळाची आई कोण?" दुसरी लगेच म्हणाली, "रात्री रडलं की जी उठेल ती!"

कायदा मात्र असं बघत नाही. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सज्ञान माणसांचे असे संबंध गुन्हा नाहीत. पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात त्यांच्या लग्नाला मान्यता मिळाली नाही, आणि जोडीने दत्तक घेण्याची वाटही उघडली नाही. नियम असा, की जोडप्याने दत्तक घ्यायचं तर लग्नाचा किमान दोन वर्षांचा संसार हवा. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. म्हणून सिनेमात सुमी आणि शार्दूल कागदावर नवरा-बायको राहतात. रिमझिम बाळाला न्हाऊ-माखू घालेल, पण कागदावर तिचं नाव नाही. उद्या सुमीला काही झालं, तर तिने कोणत्या हक्काने बाळ जवळ ठेवायचं?

मैत्रिणींनो, ही अडचण आपल्याला नवी नाही. बहीण गेली, तिची पोरं मावशीने वाढवली. लेक चाकणला कंपनीत शिफ्टला, नातू आजीकडे. माया भरपूर, कागद एकही नाही. मग शाळेत दाखला, बँकेत खातं, दवाखान्यात सही, प्रत्येक ठिकाणी विचारतात, "तुम्ही याच्या कोण?"

तेव्हा आई-बाप नसलेलं मूल कुणी सांभाळत असेल, तर गटाच्या बैठकीत सांगा. साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं म्हणजे दत्तक झालं, असं धरून बसू नका. पालक म्हणून नेमणूक जिल्हा न्यायालयातून होते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मूल अडचणीत असेल तर 1098 हा फोन आहे.

आणि आपल्या गावात दोन बाया किंवा दोन पुरुष मिळून एखादं लेकरू वाढवत असतील, तर पारावर त्यांची चर्चा करू नका. लेकरू जेवलं का, शाळेत जातं का, एवढं विचारा. शेजारीण म्हणून आपलं तेवढंच काम.

'बधाई दो' जरूर बघा, सासूबाईंना घेऊन बघा.