लादी पावाची भट्टी

गिरगाव असो की लालबाग, पहाटेचा लादी पाव वर्षानुवर्षं लाकडाच्या भट्टीतून येत आला. तोडलेल्या झाडाच्या जागी झाड वाढवलं, तर लाकूड अक्षय इंधन, हे खरंच. पण भट्टीत बऱ्याचदा जातं ते भंगारातलं स्वस्त लाकूड, जुन्या फर्निचरचं, रंग-पॉलिश लागलेलं. त्याचा धूर घातक, आणि तो थेट चाळीच्या खिडकीत! म्हणून जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बेकऱ्यांना सहा महिन्यांत हरित इंधनाकडे वळायला सांगितलं. लाकूड, ओला कचरा अशा जैविक पदार्थांच्या, म्हणजे बायोमासच्या, वापराची दुसरी वाटही आहे: हाजी अलीजवळ ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, त्यावर वीज आणि त्या विजेवर गाड्यांचं चार्जिंग, हा महापालिकेचा प्रकल्प २०२२चा. पुन्हा पावाकडे: लाकडाऐवजी गॅसवर भाजलेल्या पावाला चव नाही म्हणतात. मस्का लावल्यावर मला तरी फरक कळत नाही.